घरातला पत्त्यांचा क्लब: दार बंद केले म्हणून सुटका नाही

शनिवारी रात्री हॉलमध्ये चार-सहा ओळखीची माणसे जमली, पत्ते पिसले, गप्पा झाल्या. यात गैर काही नाही. पण हीच बैठक ‘क्लब’ झाली, वर्गणी सुरू झाली, डावामागे यजमानाची नाल (त्याचा हिस्सा) निघू लागली, की मामला कायद्याच्या कक्षेत जातो. अनेकांना हे धाड पडल्यावरच कळते.

‘घर माझे, पोलिसांचा काय संबंध?’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा आहे. पत्त्यांचा अड्डा ठरवताना तो घर की दुकान हे बघत नाही. जागा किंवा साहित्य वापरू देऊन जागा चालवणारा फायदा काढतो का, हे बघतो. खास वॉरंट घेऊन पोलीस आत आले आणि पत्ते सापडले, तर अड्डा होता असेच धरले जाते. नव्हता, हे दाखवायचे तुम्ही. कलम 4 खाली यजमानाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘मी नुसता बघत होतो’ म्हणणारा पाहुणाही कलम 5 मध्ये अडकतो, कारण हजर असलेला माणूस खेळायलाच आला होता, असे गृहीत असते. निवृत्तीनंतर विरंगुळा शोधणाऱ्या माणसाचे नाव पटावरच्या रोकडीसोबत पंचनाम्यात यावे, याचे मला फार वाईट वाटते.

‘रमी तर कौशल्याचा खेळ!’ खरे आहे. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये तसेच म्हटले. मात्र पैसे लावलेल्या खेळातून क्लबचालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, हेही त्याच निकालात आहे. तीन पत्तीला तर कौशल्याचा आधारही नाही.

संस्थेची नोंदणी केली म्हणजे परवाना मिळाला, असेही नाही.

मद्याचे गणित वेगळे नाही. बाटल्या आणून पेगमागे पैसे घेतले तर ती विनापरवाना विक्री. पाहुण्यांनी स्वतःची बाटली आणली आणि तुम्ही फक्त बसायचे पैसे घेतले, तरी 1949 चा दारूबंदी कायदा लागतो: नफ्यासाठी पिऊ देणारी जागा चालवणे कलम 68 खाली गुन्हा, तिथे पिताना सापडणे कलम 84 खाली. पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना लागतो तो वेगळाच. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. व्हिस्की-रमसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, आणि यजमानाचा परवाना पाहुण्याला चालत नाही.