जुनी गाडी समजून घेताना (लेखांक ६) : सिग्नलला बंद पडणारं इंजिन

पेट्रोल टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत कसं येतं, ते मागच्या लेखात पाहिलं. आज आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन एका लयीत चालत राहणं.

चंडीगडमधली कार्ब्युरेटरची मारुती ८०० घेऊ. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. जानेवारीत पारा ३-४ अंशांवर असताना ती ट्रिब्यून चौकात थांबते, थरथरते आणि बंद पडते. अशा वेळी बहुतेक जण आयडलिंगचा स्क्रू फिरवून रेस वाढवून घेतात. गाडी चालू राहते, पण दोष झाकला जातो आणि पेट्रोल जास्त जळतं. स्क्रूला हात शेवटी लावा. आधी तीन गोष्टी पाहा.

त्रास थंड इंजिनाला होतो की तापलेल्या? थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक हवा कमी करून मिश्रण दाट करतो. फक्त सकाळी बंद पडत असेल, तर चोक लागत नसावा. तापल्यावर काळा धूर आणि प्लगवर काजळी दिसली, तर तो पूर्ण उघडत नसावा.

ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिन सुधारतं का? सुधारत असेल, तर आयडल जेट तुंबलेला असतो किंवा कुठून तरी हवा शिरत असते. आयडलिंगला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ मिटलेला असल्याने आतली ओढ खूप जास्त असते आणि इंजिनाला लागणारी हवा अगदी थोडी. त्यामुळे तडकलेल्या नळीतली चिमूटभर हवाही मिश्रण बिघडवते. रेस वाढली की तीच गळती नगण्य ठरते. व्हॅक्यूमची एकेक रबरी नळी पकडीने दाबून पाहा. जी दाबल्यावर आवाज सुधारेल, तिथे शोधा.

मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणं, सगळ्याच वेगांत आहे का? मग मेकॅनिक एकेका प्लगची वायर काढून आवाज ऐकतो. जी काढूनही फरक पडत नाही, तिचा सिलिंडर आधीच निकामी होता. तीनपैकी एक गेला, म्हणून थरथर एवढी. आधी प्लग आणि वायर बदलून पाहा, मग टॅपेट आणि कॉम्प्रेशन.

चंडीगडकरांसाठी आणखी एक गोष्ट. शहर सुमारे ३२० मीटर उंचीवर, शिमला २,२०० मीटरवर. तिथली हवा जवळजवळ सहाव्या हिश्श्याने विरळ असल्याने कार्ब्युरेटरचं मिश्रण दाट होतं. तिथे मिश्रणाचा स्क्रू फिरवून घेतला, तर खाली उतरल्यावर मिश्रण पातळ पडतं. वर जाणवलेला फरक खाली येऊन पुन्हा तपासा.

२००० च्या सुमारास आलेल्या एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनच्या, गाड्यांत चोकची जागा सेन्सर आणि आयडल व्हॉल्व्हने घेतली. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन हा तिथला नेहमीचा दोष. पण विचारायचे प्रश्न हेच. त्यांची उत्तरं घेऊन गॅरेजला गेलात, तर नको ते भाग बदलण्याचा खर्च वाचेल आणि दोष मुळापासून निघेल.

पुढील लेखात : कॉम्प्रेशन टेस्ट कशी वाचायची.