अंगठा देण्याआधी: संशोधनाच्या अर्जातली आपली पानं



गटाचं कर्ज प्रकरण बँकेत टाकायचं तर काय लागतं, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. ठराव लागतो, सह्या लागतात, पैसा कशासाठी ते लिहावं लागतं. बँकेनं नमुना बदलला की जुना कागद चालत नाही, सह्या पुन्हा घ्याव्या लागतात. आज अशाच एका अर्जाबद्दल बोलू. तो भरतात डॉक्टर आणि संशोधक, पण त्यातली दोन पानं आपल्यासाठी असतात.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. अंगात रक्त कमी असलेल्या बाया घरोघरी आहेत. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. अशा दुखण्यांचा अभ्यास करायला पैसा लागतो. त्यासाठी संशोधक आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, अशा संस्थांकडे प्रस्ताव पाठवतात. कोणता प्रश्न, किती माणसं, कोणत्या तपासण्या, किती महिने, किती खर्च, हे सगळं त्यात येतं. हे अनुदान कर्जासारखं फेडायचं नसतं, पण हिशेब आणि अहवाल द्यावाच लागतो.

अभ्यास माणसांवर असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या समितीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असतो आणि डॉक्टर-वकिलांसोबत एक सामान्य नागरिकही बसतो. लिहितावाचता येणारी गावातली बाईसुद्धा ती जागा घेऊ शकते.

समितीपुढे आपली दोन पानं ठेवावी लागतात: माहितीपत्रक आणि संमतीपत्र. ती आपल्या भाषेत, आपल्याला समजतील अशी हवीत. वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवायचा आणि अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

याचा अर्थ संशोधकांना दारातूनच परत पाठवा, असा नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती जेमतेम आठ जणींची. बाया पुढे आल्या नसत्या तर हे दुखणं जगाला कळलंच नसतं.

पण कागद नीट नसला तर काय होतं, तेही पाहा. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात, मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस देऊन एक अभ्यास झाला. दोन हजारांहून जास्त संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. २०१० मध्ये अभ्यास थांबवावा लागला. लस उपयोगाची आहे, ती आज अनेक देशांत दिली जाते. चुकीची होती ती संमती घेण्याची रीत.

आता महत्त्वाची गोष्ट. अभ्यास सुरू असताना काही बदलतं. रक्त एकदाऐवजी तीनदा घ्यायचं ठरतं, किंवा औषधाचा नवा त्रास लक्षात येतो. मग संशोधकानं अर्ज आणि संमतीपत्र सुधारून समितीकडून पुन्हा मंजूर करून घ्यायचं असतं आणि आपल्यालाही पुन्हा विचारायचं असतं. जुना अंगठा नव्या कामाला चालत नाही. म्हणून पानावरची तारीख आणि आवृत्ती क्रमांक बघा.

गटाच्या वहीत हे प्रश्न लिहून ठेवा:

१. समितीची मंजुरी आहे का? हा कागद कोणत्या तारखेचा?
२. माझ्यावर नेमकं काय करणार, किती वेळा?
३. त्रास झाला तर फुकट उपचार कोण देणार?
४. माझं नाव गुप्त कसं राहणार?
५. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी यांचं काय?
६. मधेच नाही म्हटलं तर माझा नेहमीचा उपचार सुरू राहील ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच आलं पाहिजे. तो आपला हक्क आहे. संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या. त्यावर संशोधकाचा आणि समितीचा फोन नंबर असतो. बँकेचं पासबुक ठेवता त्याच पिशवीत ती ठेवा.

पुढच्या बैठकीत एकीनं हे प्रश्न मोठ्यानं वाचावेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ते पाठ होतील.