कर्कश हॉर्न आणि कायदा

मोटारगाडीला हॉर्न असलाच पाहिजे, ही कायद्याचीच आज्ञा आहे. कसारा घाटात किंवा आंबा घाटात समोरचे काही दिसत नसताना वळण घेणाऱ्या चालकाने हॉर्न वाजविला नाही, तर तो स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो. तेव्हा कायद्याचा रोख हॉर्नवर नाही. कारखान्यातून गाडीबरोबर आलेला हॉर्न उतरवून, किंवा त्याच्या जोडीला, बाजारातून आणलेला हवेच्या दाबावर चालणारा अथवा निरनिराळ्या सुरांत कोकलणारा भोंगा खाजगी गाडीवर बसविला जातो, त्यावर त्याचा रोख आहे.

हा विषय एके काळी मुख्यतः राज्यांच्या हाती होता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने वाहनांच्या रचनेविषयी व इशारा देणाऱ्या साधनांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला होता, आणि त्यानुसार प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते. मात्र मुंबईची गाडी बेळगावला जाते आणि नागपूरची रायपूरला. सीमा ओलांडताच हॉर्न बदलावा, अशी अपेक्षा कोण करणार? १९८८ चा नवा अधिनियम १ जुलै १९८९ पासून अंमलात आला आणि वाहनाची रचना व साधने यांबाबतचे नियम करण्याचे काम केंद्राकडे गेले. यांत्रिक वाहने हा विषय मात्र संविधानाच्या समवर्ती सूचीतच आहे. नियमांची अंमलबजावणी, तडजोड शुल्काची आकारणी आणि रस्त्यावरील फलकांची व्यवस्था ही राज्याचीच जबाबदारी राहिली. नियम दिल्लीचा आणि शिट्टी आपल्या पोलिसाची, असा हा मामला आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ११९ या बाबतीत महत्त्वाचा. वाहनाचा हॉर्न भारतीय मानकाप्रमाणे असावा, वाहन येत असल्याची पुरेशी सूचना त्याने मिळावी, असे तो सांगतो. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न त्याने निषिद्ध ठरविला आहे. अवाजवी कर्कश, तीक्ष्ण, मोठा किंवा घाबरवून सोडणारा आवाज करणारे कोणतेही साधन बसविण्यासही त्याची मनाई आहे. सवलत आहे ती रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस व कर्तव्यावरील तत्सम मोजक्या वाहनांना, आणि तीही नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेल्या ध्वनिसंकेतापुरती. खाजगी गाडीच्या मालकाचे पद किंवा प्रतिष्ठा यांचा या यादीत कोठेही उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१३ च्या निर्णयात लाल दिव्यांबरोबर याही नियमाची दखल घेतली आणि त्याचा भंग करणाऱ्यांवर भय वा पक्षपात न बाळगता कारवाई करावी, असे अंमलबजावणी यंत्रणेला बजावले.

आवाजाची मोजणी कशी होते, हे शिक्षकांना वर्गातही सांगता येण्यासारखे आहे. वाहनावर बसविलेल्या हॉर्नचा आवाज सात मीटर अंतरावर सामान्यतः ९३ ते ११२ डेसिबलच्या मर्यादेत असावा लागतो. डेसिबलची वाढ साध्या बेरजेची नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहा पट होते आणि कानाला तो सुमारे दुप्पट मोठा भासतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल कमी होतात. या हिशेबाने सात मीटरवरील ११२ डेसिबल हे ११२ मीटरवर गेल्यावरही ८८ च्या आसपास उरतात. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र असते आणि २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही सरासरी मर्यादा ठरविली आहे. म्हणजे क्षेत्राबाहेर वाजलेला मोठा हॉर्नसुद्धा खाटेवरील रुग्णापर्यंत पोहोचतोच. मान्य मर्यादेतील हॉर्नची ही स्थिती. मर्यादा ओलांडणाऱ्या भोंग्याविषयी निराळे सांगावयास नको.

याच नियमांत २०१० मध्ये सुधारणा होऊन शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, सार्वजनिक आणीबाणीखेरीज हॉर्न वाजविण्यास मनाई झाली. तत्पूर्वी, जुलै २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही निवासी भागातील रात्रीच्या हॉर्नबाबत असाच निर्देश दिला होता.

शिक्षेची तरतूद २०१९ च्या सुधारणेने कडक झाली. विनाकारण, सतत किंवा मनाई फलक असलेल्या ठिकाणी हॉर्न वाजविल्यास कलम १९४-फ अन्वये पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपये दंड ठेवण्यात आला. ध्वनिनियंत्रणाच्या मानकांचा भंग करणारे वाहन चालविणाऱ्यास कलम १९० अन्वये तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि तीन महिन्यांसाठी अनुज्ञप्तीही अपात्र ठरते.

इतके असूनही भोंगे वाजतात, याचे एक कारण व्यवस्थेतच आहे. मालमोटार व बस यांना योग्यता प्रमाणपत्रासाठी ठराविक मुदतीने तपासणीस यावे लागते. खाजगी गाडीची नोंदणी मात्र एकदम पंधरा वर्षांची होते. नोंदणीनंतर आठ दिवसांनी बसविलेला भोंगा पंधरा वर्षांत कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेस पडला नाही, तर नवल नाही. तो सापडायचा तो रस्त्यावरच. तेथे डेसिबल मापक नाही, या सबबीवर पुष्कळदा गाडी सोडली जाते. ही सबब अर्धीच खरी आहे. आवाजाची पातळी सिद्ध करावयास मापक हवा. पण हॉर्न तीन सुरांत वाजतो की एका, हे ठरविण्यास कान पुरतात, आणि नियमभंग तेवढ्यानेही पूर्ण होतो.

सवयीचा भागही आहेच. वाहनांच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन देतात, म्हणून राज्याच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ती लिहिण्यास बंदी केली. मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांतील सिग्नलला ध्वनिमापक जोडून पाहिले. आवाज ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. या प्रयोगाची चित्रफीत जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली व बरीच गाजली. एरवी गर्दीत हॉर्न वाजवून मिळत काहीच नाही. येथे मात्र थांबण्याची वेळ वाढली.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. कलम १९४-फ मधील मनाईच्या ठिकाणाचा गुन्हा हा वाहतूक चिन्हावर अवलंबून आहे. शाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र रस्त्याला लागून असेल, पण तेथे आडवी रेघ मारलेल्या हॉर्नचा गोल फलक उभा नसेल, तर त्या खंडाखाली कारवाई टिकणे कठीण. हौसेने भिंतीवर रंगविलेली सूचना म्हणजे अधिनियमातील चिन्ह नव्हे. ते सक्षम प्राधिकाऱ्याच्या अधिकाराने, विहित नमुन्यात लागावे लागते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा व शाळेचे किंवा आरोग्य केंद्राचे पत्र रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे द्यावे आणि एक प्रत पोलीस ठाण्यात ठेवावी. फलक लागल्याची तारीख पंचायतीच्या दप्तरी नोंदलेली असली, म्हणजे पुढे चालकाने ‘तेव्हा फलक नव्हता’ असे म्हटल्यास ती दाखविता येते.