घरातल्या म्हाताऱ्या माणसांची धास्ती आणि 'झोपेची गोळी'



तोड कधी मिळणार, बिल कधी जमा होणार, सोसायटीचं कर्ज कसं फिटणार, हा घोर आपल्यापैकी कुणाला चुकलेला नाही. पण घरच्या वडीलधाऱ्यांच्या जिवाला महिनोन् महिने धास्ती लागून राहते, छातीत धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून देऊ नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर इलाज आहे. मात्र इलाज कोणता, हे पाहिले पाहिजे.

शेजाऱ्याला लागू पडली म्हणून तीच गोळी आपल्याकडे आणायची, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहतो. डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सारी एकाच कुळीची औषधे. जिवाला लगेच थंड वाटते, म्हणून ती आवडतात. पण म्हाताऱ्या शरीरातून डायझेपामसारखे औषध लवकर निघत नाही. सरीतलं पाणी मुरण्याआधी दुसरी पाळी द्यावी, तशी आजच्या गोळीवर उद्याची पडते. मग तोल जातो, विसरायला होते, बोलण्यात ताळमेळ राहत नाही. रात्री लघवीला उठलेला माणूस अंधारात पडतो आणि खुबा मोडतो. पुढे पुष्कळांना पहिल्यासारखे चालता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना कोणती औषधे धोक्याची, याची 'बीअर्स यादी' अमेरिकेत १९९१ साली प्रथम निघाली. तिच्या २०२३ च्या आवृत्तीतही ६५ वर्षांपुढच्यांनी या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, असेच सांगितले आहे.

मग करावे काय? आधी डॉक्टरांकडून थायरॉईड, हृदय, साखर तपासून घ्यावी. दम्याच्या औषधाने किंवा फार चहानेही धडधड होते. औषध लागलेच तर सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी औषधे डॉक्टर बहुधा आधी निवडतात. सुरुवात थोड्या मात्रेने होते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. यांनी रक्तातले सोडियम उतरू शकते. ॲस्पिरिन वा अंगदुखीच्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. समुपदेशनानेही चांगला गुण येतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. पहिली गोळी बरेच दिवस चालू असेल, तर हे वाचून ती एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. गोळीवर दारू तर मुळीच नको. या गोळ्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, असा दुकानदारांना नियम आहे, आणि यांतल्या डायझेपाम, अल्प्राझोलाम यांची नोंद २०१४ पासून वहीत ठेवावी लागते. तेव्हा चिठ्ठी नसताना आपणही मागू नये. सल्ल्यासाठी सरकारचा 'टेली-मानस' हा मोफत फोन १४४१६ या क्रमांकावर आहे.

बेणे घेताना आपण दहा जणांना विचारतो. आईवडिलांच्या औषधाची निदान तेवढी तरी चौकशी करावी, एवढीच आमची विनंती.