पोंवळ्याचें एकत्र कुटुंब

पोंवळें कोणीं पाहिलें नाहीं असें घर आपल्यांत विरळाच. नवरत्नांत त्याची गणना होते. मंगळाचें रत्न म्हणून तें आंगठींत बसवितात. परंतु हें रत्न खाणींतून निघत नसून एका सजीव कुटुंबाचा तो सांगाडा आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते.

दागिन्यांचें प्रसिद्ध तांबडें पोंवळें भूमध्यसमुद्रांत, अंधुक उजेडाच्या खडकांवर वाढतें. त्याच्या फांद्या पाहून विद्वानांसही तें झाडच वाटे. १७०६ सालीं मार्सिली नांवाच्या इटालियन पंडितानें ताजी फांदी समुद्राच्या पाण्यांत ठेविली, तों तिच्यावर आठ पाकळ्यांचीं शुभ्र फुलें उमललीं! पुढें मार्सेल्सचा वैद्य पेसोनेल यानें हीं फुलें नसून प्राणी आहेत असें प्रतिपादिलें. पण पॅरिसच्या विद्वत्सभेस तें प्रथम पटलें नाहीं.

ह्या प्राण्याचें बालपण मात्र फिरतीचें असतें. मातेच्या उदरांतून बाहेर पडलेला सूक्ष्म जीव कांहीं काळ पाण्यांत तरंगतो आणि सोयीचा खडक सांपडतांच त्यास जन्माचा चिकटतो. मग त्याच्या अंगास अंकुर फुटून दुसरा, तिसरा, असे शेंकडों जीव निर्माण होतात. प्रत्येकाचें तोंड निराळें, आठ हात निराळे. परंतु पोटें बारीक नळ्यांनीं एकमेकांस जोडलेलीं. एकानें धरलेल्या भक्ष्याचा रस इतरांसही पोंचतो. सर्वांनीं मिळून रचलेला चुन्याचा कणा तेंच आपलें पोंवळें.

हा कणा जाडीनें वर्षाकाठीं अर्धा मिलिमीटरही वाढत नाहीं. करंगळीएवढी फांदी होण्यास कित्येक दशकें लागतात. तोडण्यास मात्र क्षण पुरतो. लांकडी क्रूसास जाळीं बांधून तो समुद्रतळावरून फरफटत नेण्याची जुनी रीत खडकच्या खडक उजाड करी. युरोपीय संघानें १९९४ सालीं तिला बंदी केली. पण १९९९ च्या उन्हाळ्याअखेर समुद्राचें पाणीच अतिशय तापलें, तेव्हां फ्रान्स व इटलीच्या किनाऱ्यांवर अशीं अनेक कुटुंबें जागच्या जागीं मेलीं. मासा थंड पाण्याकडे पळतो. खडकास चिकटलेल्यानें कोठें जावें?

म्हणून सुनेसाठीं नवें पोंवळें घेण्यापूर्वीं आजेसासूबाईंचा डबा एकदां उघडून पाहावा. कदाचित् तेथें जुनें पोंवळें असेल. तें घडण्यास किती जीवांचें किती वर्षांचें श्रम लागले, हेंही मुलांस तेव्हांच सांगावें.