कळफलक बदलावा का? मांडणी, मनगट आणि मराठी टायपिंग

मराठीत ‘कळ’ हा शब्द बटणासाठीही आहे आणि दुखण्यासाठीही. दिवसभर टाइप करणाऱ्यांना या दोन कळांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. मनगट दुखायला लागलं की पहिला सल्ला येतो, ‘कीबोर्ड बदला.’ पण बदला म्हणजे नेमकं काय? अक्षरांची मांडणी, की कीबोर्डचा आकार? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आज आपण त्या वेगवेगळ्या करूनच पाहू.

आधी मांडणी. क्वर्टी मांडणी शोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या टाइपरायटरमधून आली. तो १८७४च्या सुमारास बाजारात आला. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोराक आणि विल्यम डीली यांना नव्या मांडणीचं पेटंट मिळालं. त्यांनी इंग्रजी स्वर मधल्या ओळीत डाव्या हाताखाली ठेवले आणि नेहमी लागणारी बरीच व्यंजनं उजवीकडे. हेतू हा, की दोन्ही हात आलटून-पालटून चालावेत. २००६ मध्ये कोलमॅक आली. तिने क्वर्टीतल्या बऱ्याच कळा जागच्या जागी ठेवल्या. वेग वाढतो का? १९४४च्या अमेरिकी नौदलाच्या चाचणीत ड्वोराक सरस ठरली, १९५६च्या सरकारी चाचणीत तसा फायदा दिसला नाही. म्हणून आम्ही सांगतो, केवळ वेगासाठी हा खटाटोप करू नका. इंग्रजी टाइप करताना बोटांची धावपळ मात्र कमी होते.

इंग्रजी टाइप करताना, हे लक्षात घ्या. आपल्यातले बरेच जण मराठी रोमन अक्षरांतून टाइप करतात. ‘महाराष्ट्र’ लिहायला अकरा इंग्रजी अक्षरं लागतात, आणि त्यातली चार ‘ए’ असतात. ‘ए’ डाव्या करंगळीखाली येतो. आता गंमत बघा: ड्वोराक घ्या की कोलमॅक, ‘ए’ तिथेच राहतो! म्हणजे महिनाभर घाम गाळून नवी मांडणी शिकलात, तरी त्या करंगळीचं ओझं होतं तेवढंच.

मग मराठीसाठी पर्यायी मांडणी कुठली? ती तुमच्या संगणकात आधीच आहे. इनस्क्रिप्ट. तिच्यात स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. ‘पाटील’ टाइप करून पाहा: प उजवा हात, काना डावा, ट उजवा, दुसरी वेलांटी डावा, ल उजवा. व्यंजनातल्या ‘अ’साठी कळच दाबावी लागत नाही. ‘क’वर शिफ्ट दाबला की ‘ख’, ‘त’वर ‘थ’. वर्णमाला येत असेल तर अर्धी मांडणी पाठच आहे. एक दोष सांगायलाच हवा: ज, ड, च, ट, य ही सगळी अक्षरं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात.

आता आकार. सरळ, अरुंद कीबोर्डवर दोन्ही हात जवळ आणावे लागतात, त्यामुळे मनगटं करंगळीच्या बाजूला वळतात आणि तळवे पूर्ण पालथे पडतात. दोन तुकड्यांचा कीबोर्ड खांद्यांइतक्या अंतरावर ठेवला तर मनगट हाताच्या सरळ रेषेत येतं. आतली बाजू थोडी उचलली तर पालथेपणाही कमी होतो. हे काम कुठलीही मांडणी करू शकत नाही.

पण विकत घेताना मराठी माणसाने दोन गोष्टी बघाव्यात. एक, लहान स्प्लिट कीबोर्डांत चौकटी कंसाची कळ बऱ्याचदा नसते. इनस्क्रिप्टमध्ये ‘ड’ आणि ‘ढ’ तिथेच असतात! दोन, ड्वोराक किंवा कोलमॅक कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये बसवू नका. इनस्क्रिप्ट कळेची जागा पाहते. चिपने जागाच बदलल्या तर मराठीचा पार विचका होतो. इंग्रजी मांडणी संगणकाच्या सेटिंगमध्ये बदला, मग दोन्ही भाषा सुखाने नांदतात.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे: ‘टायपिंगवरच पोट आहे. सुरुवात कुठून करू?’

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी टेबल-खुर्चीची उंची आणि मधली विश्रांती. याला पैसे लागत नाहीत. मग जुन्याच मांडणीवर स्प्लिट कीबोर्ड. पहिल्या आठवड्यात ‘बी’ हमखास चुकेल, कारण ती कळ डाव्या तुकड्यात जाते आणि आपल्यातले पुष्कळ जण ती उजव्या बोटाने दाबतात. हात बसला की मग इनस्क्रिप्ट, रोज अर्धा तास, घाईच्या कामापासून दूर. सुरुवातीला वेग पडणारच, म्हणून काम तुंबलेलं असताना हे सुरू करू नका. आणि बोटांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून जाग येत असेल, तर कीबोर्डच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.