ग्रीसचे निपल आणि पुराचे पाणी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या कुरुंदवाडने २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. पुरात बुडालेला जुना ट्रक किंवा उसाची ट्रॉली वरून धुतली की स्वच्छ दिसते. पण पाट्यांच्या शॅकल पिना, किंगपिन, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्या फटींत शिरलेले पाणी आणि बारीक गाळ तिथेच राहतो. पाण्याने गंज चढतो, गाळ पॉलिशपेपरसारखा धातू घासतो. किंगपिन झिजली की स्टिअरिंग ढिले होते.

अशा जोडांना नुसते तेल चालत नाही, ते ओघळून जाते. ग्रीस म्हणजे साबणाच्या तंतूंच्या जाळ्यात धरून ठेवलेले तेल. टूथपेस्टसारखेच ते एरवी जागचे हलत नाही, दाबले की वाहते. साबण कोणता, यावर बरेच अवलंबून असते. सोडियमचा साबण पाण्यात विरघळतो. दुष्फेन पाण्यात कपडे धुताना जो पांढरा साका येतो, त्यात कॅल्शियमचा साबण असतो. तो विरघळत नाही, म्हणून त्याचे ग्रीस पाण्याला टिकते, मात्र उष्णतेला नाही. आज बहुधा वापरले जाणारे लिथियम साबणाचे ग्रीस पाणी आणि उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसते.

ग्रीस आत जाते ते निपलमधून. ऑस्कर झर्क यांना त्याच्या एका रचनेचे अमेरिकी पेटंट १९२९ साली मिळाले. निपलच्या तोंडाशी स्प्रिंगने दाबलेली छोटी गोळी असते. ग्रीसगनचा दाब आला की ती मागे सरते, दाब थांबला की तोंड बंद करते. एकाच दिशेने उघडणारी झडपच ही! समजा, गनच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटिमीटर आहे आणि तरफेमुळे त्यावर १०० किलोचा भार पडतो. मग दाब झाला चौरस सेंटिमीटरला २०० किलो! ट्रकच्या टायरमध्ये तो साधारण ७-८ असतो. गनच्या तोंडाशी बोट धरू नये ते यासाठीच. ग्रीस कातडीत घुसू शकते.

पुरानंतर आधी निपल पुसावे, नाहीतर त्यावरची मातीच आत ढकलली जाते. मग जुने, पाण्याने दुधाळ झालेले ग्रीस बाहेर पडून ताजे दिसेपर्यंत गन मारावी. किंगपिनला ग्रीस देताना पुढचा आस जॅकवर उचलला तर भार हलका होऊन ते सगळीकडे पोहोचते. चाकांची बेअरिंगे मात्र बहुधा उघडून, धुऊन, हातानेच भरावी लागतात.

नव्या गाड्यांत पुष्कळ जोड कायमचे बंद असतात, त्यांना निपलच नसते. अशा जोडाचे रबरी बूट फाटून पाणी आत गेले, तर सहसा जोडच बदलावा लागतो.